४६ किलो रद्दी

घरातले वडीलधारे माणूस पडले की डॉक्टरांची पहिली सूचना असते ती जमीन मोकळी ठेवण्याची. सतरंज्या काढा, वायरी भिंतीलगत घ्या, येण्याजाण्याच्या वाटेत काही ठेवू नका. ही सूचना शंभर टक्के योग्य आहे. तिचे पालन करताना माझ्या हातून जे घडले, ते मात्र कोणत्याही डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. घरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या अनेकांच्या हातून तसेच काही घडले असेल किंवा घडण्याच्या बेतात असेल, म्हणून ते येथे लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तेव्हा ८४ वर्षांचे होते. पहाटे बाथरूमला जाण्यासाठी उठले आणि पलंगाशेजारच्या मासिकांच्या थप्पीला पाय अडकून पडले. डाव्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे चार दिवस ते कोणालाच नीट ओळखत नव्हते. उतारवयात अशा शस्त्रक्रियेनंतर काही काळ अशी संभ्रमावस्था येऊ शकते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. तरीही ते पाहणे सोपे नव्हते. अकरा दिवस मी आणि माझे यजमान आळीपाळीने रुग्णालयात राहत होतो. त्यातल्या एका दुपारी मी घरी आले, अण्णांची खोली आवरायला घेतली आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून सगळी मासिके बाहेर काढली. पलंगाशेजारची थप्पी, कपाटामागची थप्पी, खिडकीखालची, ट्रंकेतली. रद्दीवाल्याला बोलावले. काट्यावर ४६ किलो भरले. चौदा रुपये किलोने ६४४ रुपये आले. त्याच पैशांतून मी बाथरूमसाठी पाय न घसरणारी रबरी चटई आणली आणि आपण फार शहाणपणाचे काम केले, अशा समाधानात झोपले.

ती मासिके होती जुन्या मोटारींच्या छंदाची. बहुतेक इंग्लंडमधली. हिरव्या मुखपृष्ठाचे ‘मोटर स्पोर्ट’, ‘व्हेटरन अँड व्हिंटेज’ आणि आणखी काही फुटकळ. अण्णांची सारी नोकरी एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत झाली. फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. व्हिंटेज मोटार त्यांच्या मालकीची कधीच नव्हती. घरात आयुष्यभर सायकल आणि नंतर एक स्कूटर, एवढीच वाहने. परंतु सत्तरच्या दशकात लष्कर भागातल्या एका पारशी गृहस्थांकडे १९२९ सालची ऑस्टिन सेव्हन धूळ खात पडली होती. ती चालती करण्याचे काम अण्णांनी रविवारचे रविवार चार वर्षे केले. पैसे घेतले नाहीत. मोबदला म्हणून त्या गृहस्थांकडे येणाऱ्या मासिकांचे जुने अंक घरी आणले. पुढे तो नाद लागला. लष्करातल्या रद्दीच्या दुकानांतून, जुन्या बाजारातून, मुंबईला गेले की फोर्टच्या पदपथांवरून ते अंक जमवत राहिले. शेजारी वीरकरांचा शब्दकोश ठेवून ते इंग्रजी वाचत. त्यांचे इंग्रजी त्या मासिकांतूनच घडले.

हे सारे मला माहीत होते. तरीही ती मासिके माझ्या दृष्टीने पसारा होती आणि त्या आठवड्यात तर ती गुन्हेगारच होती.

अण्णा घरी आले. वॉकर धरून चार पावले टाकू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, “माझे अंक कुठे आहेत?” ह्यांनी पटकन सांगून टाकले, “माळ्यावर ठेवलेत, अण्णा. बरे झालात की काढू.” त्या खोट्याने आमची सुटका झाली नाही, उलट प्रत्येक दिवस जड होत गेला. अण्णांचे जेवण निम्म्यावर आले. फिजिओथेरपिस्ट आली की ते डोळे मिटून घेत. दूरदर्शनसंच लावला तर ‘बंद कर’ म्हणत. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी जखम पाहिली, रक्तदाब पाहिला आणि मग मला बाहेर बोलावून विचारले, “बोलतात का? कशात लक्ष आहे का त्यांचे?” हाड जुळत होते, माणूस मिटत चालला होता. डॉक्टर म्हणाले, “त्यांच्या आवडीचे काही असेल ते हाती द्या. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेऊ.”

त्यांच्या आवडीचे जे होते ते मी किलोवर विकले होते. त्या रात्री मी अण्णांच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसले.

“अण्णा, ते अंक माळ्यावर नाहीत. मी रद्दीत घातले.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “सगळे?”

“सगळे.”

बराच वेळ गेला. मग त्यांनी विचारले, “किती भरले?”

“४६ किलो.”

“काटा मारला त्याने,” अण्णा म्हणाले. “पन्नासच्या खाली नव्हते ते.”

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चहाचा कप मी ठेवला तसाच ह्यांना न्यावा लागे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी औषधे द्यायला गेले, तेव्हा म्हणाले, “वही तरी ठेवली आहेस ना?”

वही होती. लांब पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. ती हाताने लिहिलेली असल्यामुळे रद्दीत टाकायला माझा हात धजावला नव्हता. अण्णांनी ती छातीवर उघडली. महिना, साल, खंड, अंक, आत काय आहे, कोणत्या पानावर, असे रकाने. एकंदर २१२ नोंदी. मध्ये मध्ये तांबड्या पेन्सिलीने वर्तुळे काढलेली होती. ती त्यांना कधीच न मिळालेल्या अंकांची. अशी वर्तुळे चौदा होती. अण्णांनी वही माझ्याकडे वळवली आणि नोकरीत हाताखालच्या माणसांना सांगत असतील त्या सुरात म्हणाले, “आधी गोदाम. रद्दी एका दिवसात गिरणीत जात नाही. वर्तमानपत्र वेगळे काढतात, पुठ्ठा वेगळा, गुळगुळीत कागद वेगळा. इंग्रजी मासिके तर कधीच काट्यावर जात नाहीत, ती बाजूला पडतात. तुझ्या रद्दीवाल्याला विचार, माल कोणाकडे टाकतो.”

ज्या माणसाने पन्नास वर्षे रद्दीतून अंक उचलले होते, त्याला रद्दीची वाट ठाऊक असणारच. मला ती ठाऊक नव्हती. रद्दीवाल्याने भवानी पेठेतल्या एका गोदामाचा पत्ता दिला. विकून पाच आठवडे झाले होते. गोदामातल्या मुलाने एका पोत्यातून नऊ अंक काढून दिले. बाकीचे जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याने उचलले, असे तो म्हणाला.

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. पुण्यात पस्तीस वर्षे राहून मी तेथे कधी गेले नव्हते. नळाच्या तोट्या, जुने पाने, घड्याळांचे सांगाडे, ग्रामोफोनचे कर्णे अशा राशींमधून वाट काढत मी त्या विक्रेत्यापर्यंत पोचले. ताडपत्रीवर आमचे बावीस अंक मांडलेले होते. समासात अण्णांच्या बारीक अक्षरातल्या टिपा होत्या, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही. एकेका अंकाचे चाळीस रुपये. मी घासाघीस केली नाही. पैसे मोजताना विक्रेता म्हणाला, “बाई, हा माल घेणारे एकच गिऱ्हाईक होते. एस.टी.तले म्हातारे. गेले का ते?”

“नाही हो. आहेत. का?”

“असा एकगठ्ठा माल बाजारात आला की आम्ही समजतो, माणूस गेला.”

घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या कानांत होते. अण्णांना सांगावे की नाही, या विचारात मी जेवणापर्यंत गप्प राहिले आणि शेवटी सांगितले. अण्णा हसले. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा. “त्याला म्हणावे,” ते म्हणाले, “फेरी सुरू आहे. अजून डेपोत लागलेली नाही.”

त्या दिवसापासून शोध हा आमचा दोघांचा उद्योग झाला. बाहेर मी हिंडायचे आणि कोठे, कसे हिंडायचे ते अण्णांनी सांगायचे. जुने अंक शोधण्याचेही एक शास्त्र आहे, हे मी त्यांच्याकडून शिकले. नुसते मासिकाचे नाव घेऊन जाऊ नये. महिना, साल, खंड आणि क्रमांक लिहून न्यावे, कारण मासिके नावे बदलतात, एकमेकांत विलीन होतात. ‘मोटर स्पोर्ट’ १९२४ साली निघाले तेव्हा त्याचे नाव ‘ब्रुकलंड्स गॅझेट’ होते. ‘व्हेटरन अँड व्हिंटेज’ १९५६ मध्ये निघाले आणि १९७९ मध्ये बंद पडले. त्यानंतरच्या सालाचा अंक मागणाऱ्याला काय मिळणार? ग्रंथालयातले बांधीव खंड पाहावेत. परंतु बांधणी करताना पुष्कळदा मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकलेली असतात, आणि जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याला तर सुट्या भागांच्या जाहिराती लेखाइतक्याच मोलाच्या. विक्रेत्याला आपल्याला कोणता अंक अत्यावश्यक आहे ते सांगू नये. आणि ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांना विचारावे, कारण गाडी विकली जाते, पण मासिके माळ्यावरच राहतात.

या शेवटच्या सल्ल्याने फार काम केले. मुंबईतल्या जुन्या मोटारींच्या एका हौशी सदस्याने आपल्या वडिलांचे सतरा अंक टपाल खर्चावर पाठवले. अण्णांनी त्याला स्वतः पत्र लिहिले. थरथरत्या हाताने, चार दिवस घेऊन. तो हाताचा व्यायाम कोणी लिहून दिलेला नव्हता.

अंक येऊ लागले तसे अण्णांचे बोलणे परतले. संध्याकाळी औषधांनंतर अर्धा तास आम्ही एक अंक उघडायचो. मी वाचायची, ते अर्थ सांगायचे. जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज नव्हे, हा पहिला धडा. इंग्लंडात १९३४ साली व्हिंटेज मोटारींचा क्लब निघाला. त्याच्या मोजमापानुसार १९३० संपेपर्यंत बनलेली गाडी ती व्हिंटेज, आणि त्याहून फार जुनी ती व्हेटरन. आपल्याकडे २०२१ च्या सरकारी नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला व्हिंटेज ठरवले आहे. “म्हणजे मीही बसतो त्यात,” अण्णा म्हणाले, “फक्त खुबा मूळचा नाही.”

एके दिवशी त्यांनी ‘व्हेटरन अँड व्हिंटेज’ काढणाऱ्या लॉर्ड माँटेग्यूंच्या वडिलांची हकीकत सांगितली. त्यांनीही १९०२ साली ‘द कार इलस्ट्रेटेड’ नावाचे साप्ताहिक काढले होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारचे यांत्रिक वाहतुकीचे सल्लागार म्हणून ते ‘पर्शिया’ बोटीने इकडे निघाले. ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ पाणबुडीने ती बोट बुडवली. माँटेग्यू वाचले, त्यांची सहकारी एलिनॉर थॉर्नटन बुडाली. रोल्स रॉइसच्या नाकावर पंख पसरून उभी असलेली जी छोटी मूर्ती दिसते, तिच्यासाठी हीच स्त्री नमुना होती असे मानतात. अण्णांनी ही हकीकत मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही सांगितली होती, असे ते म्हणाले. मला आठवत नव्हते. तेव्हा मी ऐकलेच नसावे.

दुसरी हकीकत मला अधिक जवळची वाटली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात शर्यती बंद झाल्या, पेट्रोल शिधापत्रिकेवर गेले. मोटारींच्या मासिकाने छापायचे काय? ‘मोटर स्पोर्ट’चे संपादक बिल बॉडी यांनी वाचकांना लिहायला सांगितले. ‘माझ्याजवळ असलेल्या मोटारी’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली लोक आपल्या जुन्या गाड्यांच्या आठवणी पाठवू लागले आणि त्यांच्या बळावर मासिक युद्धातून पार पडले. याच बॉडींनी १९३६ पासून १९९१ पर्यंत ते पद सांभाळले. “रस्ते बंद झाले की माणूस आठवणींवर गाडी चालवतो,” अण्णा म्हणाले. ते पलंगावर होते, वॉकर हाताशी होता. मी पुढे काही बोलले नाही.

वृद्धांच्या या आठवणी उगाळण्याकडे एकेकाळी वैद्यकातही बुद्धी मंदावल्याची खूण म्हणून पाहिले जाई. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने एका निबंधात निराळे मत मांडले. मागे वळून आपल्या आयुष्याचा हिशेब लावणे ही वार्धक्यातली स्वाभाविक आणि आवश्यक प्रक्रिया आहे, असे त्याचे म्हणणे होते. आज जुनी छायाचित्रे, वस्तू, गाणी, मासिके हाती देऊन बोलते करण्याची पद्धत वृद्धसेवेत रूढ आहे. हे औषध नव्हे, हेही सांगितले पाहिजे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील अभ्यासांत तिचा परिणाम एकसारखा दिसत नाही आणि बहुधा माफकच असतो. अण्णांना स्मृतिभ्रंश नव्हता, मन खचले होते. त्यांना आठवणींनी बरे केले असा दावा मी करणार नाही. वेळेवर झालेली शस्त्रक्रिया, व्यायाम, औषधे, आहार हे सारे होतेच. मासिकांमुळे एवढेच झाले, की ते व्यायामाला तयार झाले.

तेही कसे, ते सांगते. फिजिओथेरपिस्ट डाव्या पायाचा घोटा वरखाली करायला सांगे. पडून असलेल्या रुग्णाच्या पायात रक्त गोठू नये म्हणून हा व्यायाम महत्त्वाचा. अण्णा कंटाळत. एकदा ती आली तेव्हा आमच्यात ऑस्टिन सेव्हनवरचा एक लेख चालू होता. ही गाडी १९२२ साली आली, १९३९ पर्यंत बनत राहिली आणि तिने इंग्लंडातल्या साध्या मध्यमवर्गीय घरांना चारचाकीत बसवले. इंजिन जेमतेम ७४७ सीसीचे. अण्णांनी चार वर्षे जिच्यावर काम केले, त्या १९२९ च्या गाडीत पायाचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा ब्रेक पुढच्या चाकांना लागे. आणि तिचा क्लच कुप्रसिद्ध. पेडल बोटभरही हलत नाही. जरा दाबला की सुटला, जरा सोडला की पकडला. नवखा माणूस हिसके देत गाडी बंद पाडतोच. अण्णा हे सांगत होते आणि चादरीखाली त्यांचा डावा पाय क्लच दाबत होता. ती मुलगी हुशार. म्हणाली, “आजोबा, मला शिकवा ना. दहा वेळा दाखवा.” पुढे दीड महिना ती रोज ‘क्लच’ मागायची, आणि अण्णा रोज तिला सांगायचे की तुझी गाडी आजही बंद पडली.

या काळात माझेही काही बदलले. काळजी घेणाऱ्या माणसाला स्वतःची वेळ नसते, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. जुन्या बाजाराचा रविवार मला अण्णांनी दिला. सकाळी दोन तास ह्यांनी घरी थांबायचे आणि मी बाजारात जायचे, असा शिरस्ता पडला. मी कामासाठीच बाहेर पडत असल्याने मला अपराधी वाटत नसे. त्या दोन तासांत मी चालायची, घासाघीस शिकायची, टपरीवर एकटीने चहा प्यायची. माझा रक्तदाबही त्या वर्षी आटोक्यात आला.

तांबड्या वर्तुळांपैकी सर्वांत मोठे होते ‘मोटर स्पोर्ट’च्या जून १९५५ च्या अंकाभोवती. त्या वर्षी १ मे रोजी इटलीत मिल्ले मिलिया ही हजार मैलांची रस्त्यावरची शर्यत झाली. ब्रेशियाहून रोम आणि परत. स्टर्लिंग मॉस गाडी चालवत होता आणि शेजारी डेनिस जेंकिन्सन हा मासिकाचा वार्ताहर बसला होता. त्याने आधी सगळा रस्ता पाहून प्रत्येक वळणाची नोंद केली होती आणि ती सुमारे साडेपाच मीटर लांबीची पट्टी एका डबीत गुंडाळून तो पुढे सरकवत होता. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येणे अशक्य. म्हणून दोघांनी हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत ते जिंकले. जेंकिन्सनने लिहिलेला वृत्तान्त त्या जूनच्या अंकात आहे आणि मोटारींवरच्या लेखनात त्याला फार मान आहे. “हा अंक रद्दीत येत नाही,” अण्णा म्हणत. “कोणी टाकतच नाही.” त्या वाक्यात मला टोमणा होता की नाही, हे मी कधी विचारले नाही.

तो अंक मिळाला माझ्या भाचीला. ती इंग्लंडात साउदॅम्प्टनला असते. तेथून जवळच बोल्यू या गावी लॉर्ड माँटेग्यूंनी उभारलेले मोटारींचे संग्रहालय आहे, आणि १९६७ पासून दर सप्टेंबरात तेथे मोटारींच्या जुन्या सामानाचा मोठा बाजार भरतो. अण्णांनी तिला यादी पाठवली होती. ती पावसात चिखल तुडवत दिवसभर हिंडली आणि जून १९५५ सह पाच अंक घेऊन आली. किंमत तिने शेवटपर्यंत सांगितली नाही. अण्णांचा कान अधू झालेला. यंत्र लावायला ते नाखूश. तो वृत्तान्त वाचताना आम्हीही काही खुणा ठरवल्या. मूठ उघडली की पान उलट, दोन बोटे वर केली की पुन्हा वाच, तळहात आडवा धरला की आता पुरे. त्या खुणा आजही आमच्या उपयोगी पडतात. ताटाशी, रात्री, दवाखान्यात.

या मासिकाचे जुने अंक आता पडद्यावरही वाचायला मिळतात. नातवाने टॅबलेटवर अक्षरे मोठी करून दाखवली, तेव्हा अण्णांना ते सोयीचे वाटले. संदर्भ शोधायला ते आता तेच वापरतात. पण संध्याकाळी हवा असतो तो कागदच.

जुन्या कागदाच्या बाबतीत आम्ही काही पथ्ये पाळली, तीही सांगते. नवा आलेला गठ्ठा थेट रुग्णाच्या खोलीत नेऊ नये. गॅलरीत, मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी. ओल्या फडक्याने पुसू नये. बुरशीचा काळा-हिरवा डाग असलेला अंक पिशवीत बंद करून वेगळा ठेवावा. दमा किंवा खोकला असणाऱ्यांनी तो हाताळू नये. गंजलेल्या पिना आपण काढून टाकाव्यात. अण्णांना तेव्हा रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू होती, साधी ओरखडही बराच वेळ वाहत असे. वाचताना जड खंड छातीवर ठेवण्यापेक्षा सुटा अंक उतरत्या फळीवर ठेवावा आणि उजेड खांद्यामागून यावा. आणि अर्थात, जमिनीवर एकही अंक नको. कमरेच्या उंचीवरच्या दोन फळ्या त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. वाकायला नको, चढायला नको.

या दोन फळ्या मला त्या आषाढातच सुचायला हव्या होत्या. डॉक्टरांनी मासिके हलवा म्हटले होते, मोडीत काढा म्हटले नव्हते. आजारी माणसाच्या वतीने आपण शेकडो निर्णय घेतो. कोणते औषध, कोणता डॉक्टर, केव्हा जेवण, केव्हा झोप. त्या ओघात त्याच्या वस्तूंचाही निर्णय आपणच घेऊन टाकतो आणि तो घरात नसतानाच घेतो, कारण तेव्हा ते सोपे असते. अण्णांना दुःख अंक गेल्याचे होतेच. पण त्याहून मोठे होते ते विचारले न गेल्याचे. आणि ते सावरले, तेही केवळ अंक परत आल्यामुळे नव्हे. सगळे ज्याच्यासाठी करतात असा तो माणूस, पुन्हा एकदा ज्याला काही विचारावे लागते असा माणूस झाला, म्हणून. माळ्यावर काय आहे, कपाटात काय आहे, ते उद्या काढायचे असेल तर आज शेजारी बसून विचारावे. कदाचित उत्तर ‘टाकून दे’ असेच येईल. पण ते त्यांचे उत्तर असेल.

अण्णा आता ८७ वर्षांचे आहेत. काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. फळ्यांवर ७१ अंक आहेत. त्यांपैकी ३१ त्यांचे स्वतःचे, समासातल्या टिपांसह. उरलेल्यांच्या समासात आता माझ्या अक्षरात टिपा असतात, त्यांनी सांगितलेल्या. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहून ठेवले आहे, की आपल्यामागे हे सर्व कोणत्या तरुण मेकॅनिकला द्यायचे. त्याला बोलावून तसे सांगितलेही आहे. दोनदा आलेले अंक तो आत्ताच घेऊन गेला.

चौदापैकी तीन तांबडी वर्तुळे अजून उघडी आहेत. उद्या रविवार आहे. यादी अण्णांनी कालच लिहून माझ्या पर्समध्ये ठेवली आहे.